चहाच्या घाटातली हाक

हे खरं घडलेलं आहे.

पटलं तर वाचा, नाही पटलं तर सोडून द्या. मी कुणाची समजूत काढायला बसलेली नाही.

काही जण म्हणतील, उंचावर दम लागला, डोक्याला रक्त पोचलं नाही, पोरीला भास झाले. म्हणा. डॉक्टर म्हणाले, माझे सर म्हणाले, माझा सख्खा भाऊ म्हणाला. त्यातलं एकही माणूस त्या दिवशी त्या घाटात सायकलवर नव्हतं.

मी होते.

२००३ सालचा फेब्रुवारी. श्रीलंकेतला एक डोंगर. रात्र नव्हती. अमावस्या नव्हती. जवळपास स्मशानही नव्हतं. सकाळची वेळ होती आणि रस्त्याच्या दोन्ही बाजूंना चहाचे मळे होते.

आधी मी कोण ते सांगते.

माझं नाव नम्रता. शहापूर तालुक्यात, किन्हवलीच्या अलीकडं आमचं गाव. वडील काळूराम, भातशेती करतात. मी मुरबाडच्या एमआयडीसीत एका कंपनीत पॅकिंगला होते. पहिली पाळी गाठायची तर आमच्याकडून एसटी नव्हती. म्हणून सायकल. भावाची जुनी, काळी, दांडीवाली. रोज जायचं, रोज यायचं. पावसाळ्यात सुद्धा.

एका सव्वीस जानेवारीला शहापुरात सायकल शर्यत होती. मी नाव द्यायला गेले तर म्हणाले, मुलींची शर्यत नाही.

म्हटलं, मग मुलांच्यात लिहा.

हसले. लिहिलं. मी चौथी आले. नंतर कुणी हसलं नाही.

त्या गर्दीत कमळाकर सर उभे होते. त्यांचं कल्याणला सायकलचं दुकान, आणि क्लबही तेच चालवायचे. त्यांनी मला पहिल्यांदा गिअरची सायकल दिली आणि त्यांच्यामुळेच मला रुचिता भेटली.

रुचिता पडघ्याची. माझ्यापेक्षा लहान, पण चढाला माझी बाप. दर रविवारी आम्ही दोघी कसाऱ्याचा घाट चढायचो. ट्रकवाले भोंगे मारायचे, काही जण वाटेल ते बोलायचे. रुचिता त्यांना हात करून हसायची. चढावर हसणारी मुलगी मी दुसरी बघितली नाही.

गावात बोलणं व्हायचंच. काळूरामची पोर अर्धी चड्डी घालून हायवेला फिरते. लग्न कोण करील हिच्याशी.

आई नळावर सगळ्यांसमोर म्हणाली होती, "तुमच्या पोरी टमटमनं जातात, माझी सायकलनं जाते. पोचायचं ते पोचतात ना सगळ्या? मग तुमचं काय दुखतंय?"

माझी आई अशी. चंदा तिचं नाव.

२००२ च्या दिवाळीत सर म्हणाले, श्रीलंकेत हौशी सायकलपटूंची शर्यत आहे. चार दिवसांची. आपल्या क्लबातून तुम्ही दोघी जाल का?

टप्प्यांची शर्यत म्हणजे काय ते थोडक्यात सांगते. रोज एक टप्पा. रोजचा तुमचा वेळ मोजतात आणि शेवटी सगळ्या दिवसांची बेरीज करतात. ज्याची बेरीज सगळ्यात कमी, तो जिंकला. पण एक नियम कडक. एक दिवस जरी टप्पा पुरा केला नाही, तरी तुम्ही बाहेर. मग उरलेले दिवस गाडीत बसून बघायचं.

मला जिंकायचं नव्हतं. जिंकणं शक्यच नव्हतं, तिथं आमच्यापेक्षा कितीतरी तयारीच्या बायका येणार होत्या. मला पुरी करायची होती. शहापूरची एक पोरगी परदेशात जाऊन चारही दिवस सायकलवरून उतरली नाही, एवढंच मला गावात येऊन सांगायचं होतं.

निघताना आईनं मीठमोहऱ्या ओवाळल्या. मग हळूच म्हणाली, "नमे, परका मुलूख हाय. मागनं कुनी हाक मारली तर लगेच ओ देऊ नको. वळून बघू नको. मानूस असंल तर तीनदा हाक मारतंय. ते दुसरं असंल तर एकदा मारतंय, फार तर दोनदा."

मी म्हटलं, "आई, तिथं मला मराठीत हाक कोण मारणार?"

आई हसली. मीही हसले.

पहिले दोन दिवस चांगले गेले. ऊन आपल्यासारखंच. नारळ आपल्यासारखे. जेवायला जाडा तांबडा भात. रुचिता म्हणाली, "आयला, आपण घरीच हाव की गो." आम्ही दोघी मागच्या घोळक्यात होतो, पण सुटलो नव्हतो.

तिसरा दिवस डोंगराचा.

खालच्या गावातून निघायचं आणि चढत चढत थेट खिंडीपर्यंत. वर एक छोटं गाव, तिथं शेवटची रेघ. कसारा घाट तीन-चारदा एकावर एक ठेवला तर जेवढा होईल तेवढा चढ. वळणावर वळणं. चहाची बुटकी झुडपं, त्यातून पाट्या पाठीला लावून पानं खुडणाऱ्या बायका. त्या आम्हाला बघून ओरडायच्या, टाळ्या वाजवायच्या. कळायचं काही नाही, पण बरं वाटायचं.

पुढच्या बायका निघून गेल्या. मागच्या मागं राहिल्या. मध्ये आम्ही दोघी. रुचिता पुढं, मी तिच्या मागच्या चाकाला. पंचांची मोटारसायकल मागं कुठंतरी फटफटत होती. तिच्याही मागं सरांची गाडी.

मग धुकं उतरलं.

मला धुक्याचं काही वाटत नाही. कसाऱ्याला पावसाळ्यात हात पुढं केला तर दिसत नाही. पण हे धुकं खालून आलं नाही, वरून आलं नाही. ते झुडपांमधून रस्त्यावर आलं. गुरं घरी येतात तसं, निवांत.

आधी डोंगर गेला. मग मळे गेले. मग रस्त्याची कड गेली. फक्त रुचिताची केशरी जर्सी दिसत होती.

मग मला जाणवलं...

मोटारसायकलचा आवाज येत नव्हता.

वाटलं, मागं पडली असेल.

पण त्या बायकांचा आवाजही नव्हता. पाखरू नव्हतं. वारा नव्हता. मी कान देऊन ऐकलं. माझ्या सायकलची चेन सुद्धा ऐकू येत नव्हती. पाय फिरत होते, चाक फिरत होतं, आणि आवाज... काहीच नाही.

फक्त माझी धाप.

आणि तेवढ्यात मागून...

"नमे."

माझ्या अंगावर सर्रकन काटा आला.

मला नमे म्हणणारी माणसं जगात चार. चारही त्या वेळी समुद्रापलीकडं, शहापूर तालुक्यात. क्लबात मला सगळे नम्रता म्हणायचे. रुचिता सुद्धा.

बाईचा आवाज होता. ओळखीचा वाटत होता, पण कुणाचा ते आठवत नव्हतं.

मी मागं बघितलं नाही. पायडल मारत राहिले.

"नमे... थांब गो."

आपली बोली. अगदी आपली. किन्हवलीच्या बाजारात भाजी निवडता निवडता बाई बोलेल, तशी.

दोनदा झालं. मी मनात म्हटलं, आता येऊ नको. आता तिसरी येऊ नको.

थोडा वेळ गेला. एक वळण गेलं.

"नमे, थांब गो. केवढी दमलीस. जरा दम खा."

तीनदा.

तीनदा म्हणजे माणूस. आईनं तेच सांगितलं होतं. खरं सांगते, माझी मान वळायला लागली होती. तोंडात ओ आला होता. घसा कोरडा, पाय भरून आलेले, आणि मागून कुणीतरी आपल्या माणसासारखं म्हणतंय, दम खा. अशा वेळी माणसाला थांबायला आणखी काय लागतं?

पण मी चढावर होते. आणि चढावर माणूस कसा बोलतो ते मला माहीत होतं.

एक शब्द, एक श्वास. एक शब्द, एक श्वास. पायी असो नाहीतर सायकलवर. त्या घाटात वाक्य पुरं बोलता येत नाही.

ही पुरी वाक्यं बोलली होती. ओट्यावर बसून बोलावं तशी.

तिला धाप लागली नव्हती.

मी घाबरले. हो, घाबरले, खोटं कशाला बोलू. पण भीतीच्या मागोमाग मला असा राग आला, असा राग आला... इतके दिवस गावातले म्हणत होते थांब. नातेवाईक म्हणत होते थांब. कंपनीतला सुपरवायझर रजा देताना म्हणाला, कशाला उगीच. आणि आता इथं, परमुलखात, डोंगरावर, हे पण म्हणतंय थांब?

मी ओ दिला नाही. पुढं बघत, धापा टाकत, मोठ्यानं म्हटलं, "तू दमली नायस... ना? मग ये मागं. मी... थांबनार नाय."

मागं शांत.

मग आवाज माझ्या उजव्या अंगानं पुढं गेला. पावलांचा नाही, चाकाचा नाही, नुसता आवाज. आणि समोर, रुचिताच्या जवळ...

"रुचे."

रुचितानं लगेच उत्तर दिलं.

"ओ."

असं सहज. घरात कुणी हाक मारली तर देतो तसं.

मी ओरडले, "रुचिता, नाय! ओ देऊ नको!"

धुकं एकदम दाटलं. केशरी जर्सी दिसेनाशी झाली. मी उभी राहून पायडल मारलं, जीव खाऊन मारलं. दोन-चार क्षण समोर काहीच नव्हतं, नुसता पांढरा पडदा.

मग ती दिसली.

केशरी जर्सी. पाठ माझ्याकडं. अगदी सावकाश चाललेली, आता पडेल की मग पडेल अशी.

मी तिच्या बाजूला गेले. एका हातानं हँडल धरलं, दुसरा हात तिच्या पाठीवर ठेवला आणि ढकलायला लागले. शर्यतीत असं ढकलायचं नसतं, दंड लागतो. लागू दे म्हटलं.

"चल गो. बघू नको मागं. चल."

ती बोलली नाही.

तिची पाठ थंड होती. मला वाटलं, धुक्यानं भिजली असेल. आणि जड... रुचिता म्हणजे काडी. पण त्या दिवशी भाताचं भरलेलं पोतं ढकलावं तसं वाटत होतं. माझा खांदा निघायला आला.

मी सोडलं नाही.

भुताला शिव्या दिल्या की ते जवळ येत नाही, असं आमच्याकडं म्हणतात. मग मी शिव्या दिल्या. भाताच्या गिरणीवर ऐकलेल्या, ट्रकवाल्यांकडून ऐकलेल्या, कंपनीच्या गेटवर ऐकलेल्या. इथं लिहिता येणार नाहीत. एक शिवी, एक श्वास. एक शिवी, एक श्वास. असा मी तो घाट चढले. एका हातानं स्वतःला ओढत आणि एका हातानं तिला ढकलत.

आवाज पुन्हा आला नाही.

किती वेळ गेला माहीत नाही. मग पायाखालचा चढ कमी झाला. धुकं फाटलं. ऊन पडलं. खिंड आली होती. रस्त्याच्या कडेला माणसं उभी होती, पोरं ओरडत होती. माझी चेन पुन्हा वाजायला लागली.

मी हात काढला आणि हसत वळले. म्हणणार होते, आलो गो बाई एकदाच्या.

बाजूला कुणी नव्हतं.

मला वाटलं, माणसं दिसल्यावर तिला जोर आला असेल, पुढं सटकली असेल. चढाची राणीच ती. मी पण जोर केला आणि शेवटची रेघ ओलांडली. सायकल टाकली. सगळीकडं बघितलं.

केशरी जर्सी कुठंच नव्हती.

मी वेळ लिहिणाऱ्या माणसाला माझी जर्सी धरून दाखवली. अशीच दुसरी, कुठं गेली? तो मान हलवत होता. नाही. अशी दुसरी कुणी आली नाही.

मी तिथंच उभी राहिले. घाम थंड व्हायला लागला.

बऱ्याच वेळानं सरांची गाडी वर आली. टपावर एक सायकल बांधलेली होती.

रुचिताची.

आणि मागच्या सीटवर रुचिता. अंगावर सरांचं जॅकेट, पाय अनवाणी.

कमळाकर सर उतरले. त्यांचा चेहरा उतरलेला होता. म्हणाले, "अगं, ही खालीच थांबली. धुकं सुरू झालं तिथं. रस्त्याकडेच्या कठड्यावर बसली होती. सायकल नीट टेकवलेली, बूट काढून बाजूला ठेवलेले. मी किती विचारलं, बोलतच नाही."

"सर, नाय. मी तिला वर ढकलत आणलं. आत्ता. खिंडीपर्यंत."

सरांनी टपावरच्या सायकलकडं बोट केलं.

तेवढ्यात मोटारसायकलवरचे पंच आले. ते सरांशी इंग्रजीत बोलले. बोलताना सारखे माझ्याकडं बघत होते आणि आपला डावा हात बाजूला पसरून दाखवत होते.

ते गेल्यावर मी सरांना विचारलं, "काय म्हणाले?"

सरांनी आधी गाडीचं दार लावून घेतलं.

"म्हणाले, ते सगळा वेळ तुझ्या मागंच होते. पूर्ण घाटभर. तू एकटी होतीस. एक हात बाजूला लांब धरून चढत होतीस आणि मोठमोठ्यानं बोलत होतीस. त्यांनी दोनदा भोंगा वाजवला. तू बघितलं पण नाहीस."

माझा डावा हात त्या क्षणी माझा मला नकोसा झाला.

रुचिता संध्याकाळी बोलली. आम्ही उतरलो होतो त्या लॉजमध्ये, खिडकीपाशी बसून. मी तिला चहा दिला. तिनं कप हातात घेतला आणि माझ्याकडं अशी बघायला लागली, जशी मी खरंच मी आहे का ते तपासतेय.

"तू मना का थांबवलास?" ती म्हणाली.

"मी? मी कधी?"

"तूच हाक मारलीस. मागनं. रुचे, थांब गो, दम खा. मी म्हटलं, हिला काय झाला? मी ओ दिली आन् उतरली. तू पन उतरलीस. माझ्या बाजूला कठड्यावर बसलीस."

मी तिच्या जवळ सरकले.

"मी विचारला, शर्यत? तू कायच नाय बोललीस. नुसती हसत होतीस. मग म्हनालीस, बूट काढ. पाय मोकळे होतील." तिनं पाय वर घेतले, साडी नेसलेली बाई घेते तसे आवळून. "मंग सरांची गाडी आली. मी वळून बघितला तर तू नव्हतीस."

वर मी तिला ढकलत होते. खाली ती माझ्या शेजारी बसली होती.

आणि दोन्ही ठिकाणी आमच्यातली खरी एकेकच.

दुसऱ्या दिवशी सकाळी, टप्पा सुटायच्या आधी, मी लॉजवरच्या बाईला विचारलं. गाडीच्या ड्रायव्हरला विचारलं, त्याला थोडी हिंदी येत होती. चहाच्या मळ्यातल्या दोन म्हाताऱ्यांना त्याच्याकडून विचारवलं. त्या घाटात काही आहे का? कुणी मेलंय का? कुणाला हाक येते का?

मला वाटलं होतं, एखादी गोष्ट असेल. प्रत्येक घाटाची असते.

नव्हती. म्हाताऱ्या हसायला लागल्या. त्या जन्मापासून त्याच डोंगरात राहत होत्या, धुक्यातून रोज जात-येत होत्या. त्यांना कधी कुणी हाक मारली नव्हती.

तेव्हा पहिल्यांदा माझ्या डोक्यात आलं, आणि आलं ते अजून गेलेलं नाही.

ती तिथली असती, तर तिला आपली बोली कुठून आली असती?

शेवटचा टप्पा त्याच रस्त्यानं होता. खिंडीतून निघायचं, तोच घाट उतरायचा आणि पुढं सपाटीला लागायचं.

सर म्हणाले, "आपण माघार घेऊ. एक पोर आजारी पडली, बस झालं. मी तुझ्या आईला काय तोंड दाखवू?"

"माझ्या आईला मी ओळखते," मी म्हटलं. "ती म्हणेल, मध्येच उतरलीस का?"

"नम्रता, हट्ट करू नको."

"सर, ती हाक एवढंच म्हणत होती. थांब. मी थांबले तर तिचंच झालं की."

सरांनी हात जोडले आणि गाडीत जाऊन बसले. रुचिता गाडीतच होती. मी रेघेवर उभी राहिले तेव्हा ती खिडकीतून म्हणाली, "नम्रता... हाक आली तर मी नाय ती. ध्यानात ठेव. मी तुला आज हाक मारणार नाय."

मी निघाले.

उतारावर सायकल वाऱ्यासारखी जाते. डोळ्यांतून पाणी येतं. ते वळण जवळ आलं. कठडा दिसला. तिथं धुकं होतं, थोडंसंच, रस्त्याच्या त्या तुकड्यावर.

सगळ्या बायका ब्रेक दाबून गेल्या. मी पण दाबला. आणि बरोबर त्या कठड्यापाशी मी ओरडले, घसा फाटेस्तोवर ओरडले.

"ये! मार आता हाक! मी नमी! मार!"

मी ऐकत होते...

ब्रेकची चरचर. पुढच्या बाईची चेन. खाली कुठंतरी कुत्रं भुंकत होतं.

बाकी काही नाही. साधं वळण होतं. साधं धुकं.

ती तिथं नव्हती.

मी टप्पा पुरा केला. ढकलाढकलीचा दंड मला लागला नाही, कारण मी कुणाला ढकललंच नव्हतं. सगळ्या दिवसांची बेरीज झाली तेव्हा मी शेवटून तिसरी होते. गळ्यात कुणी काही घातलं नाही. पण ज्यांनी चारही दिवस पुरे केले त्यांची नावं वाचून दाखवली, त्यात माझं नाव वाचलं. वाचणाऱ्यानं ते वेडंवाकडं उच्चारलं. चालतं.

घरी आल्यावर रुचितानं सायकल सोडली. तिची आई भागीरथी, त्यांनी ती सायकल माळ्यावर चढवली आणि शिडी काढून घेतली. मी पडघ्याला गेले तर मला चहा दिला, पण रुचिताला बाहेर बोलावलं नाही.

"माझी पोरगी हसत नाय आता," त्या म्हणाल्या. "आदी चौवीस तास हसायची. तू जा बाय. परत येऊ नको."

मी परत गेले. पुन्हा गेले. पुन्हा पुन्हा गेले. एक दिवस भागीरथीकाकू खूप चिडल्या, तेव्हा मी म्हटलं, "घरात बसून हसली का ती काकू? बसवून बघितलंत ना वर्षभर? आता मला बघू द्या."

काकू आत गेल्या. थोड्या वेळानं शिडी भिंतीला टेकवल्याचा आवाज आला.

रुचिता आता चालवते. पहिल्यासारखी नाही, पण चालवते. तिची एकच अट आहे. मी तिच्या पुढं राहायचं. मागं नाही, बाजूला नाही. मी राहते पुढं. चढावर ती माझ्यापेक्षा वेगात असते, तरी ती माझ्या मागं गिअर हलका करून येते. अलीकडं एकदा कसाऱ्याला एका ट्रकवाल्याला तिनं हात केला. हसली पण, थोडीशी.

मला वाटलं, संपलं.

आईला मी काही सांगितलं नव्हतं. इतकी वर्षं. गेल्या भातकापणीनंतर, म्हणजे २००८ च्या शेवटी, एक दिवस ती अंगणात तांदूळ पाखडत होती, मी शेजारी बसले होते, आणि मला राहवलं नाही. सगळं सांगितलं. हाक सांगितली, धाप सांगितली, शिव्या सांगितल्या, त्यावर ती हसली. खालची रुचिता सांगितली, वरची सांगितली.

वरची सांगितली तेव्हा सूप थांबलं.

"म्हंजी तू तिला हात लावलास?"

"हो."

"आन् घाटभर ढकलत नेलंस?"

"हो. मला वाटलं रुचिताय."

कोंबड्या जवळ आल्या, आईनं त्यांना हाकललं नाही.

मग म्हणाली, "नेलीस ती नेलीस, नमे. पन उतरवलीस कुठं?"

मी सूप तिच्याकडून घेतलं आणि पाखडायला लागले.

ते मला आजही सांगता येत नाही.

मी हात काढला, वळून बघितलं, बाजूला कुणी नव्हतं. एवढंच मला माहीत आहे. ती खिंडीत उतरली की उतरलीच नाही, हे मला माहीत नाही. त्यानंतर मी विमानात बसले, घरी आले, कामावर गेले. पुढं एका दुकानात नवी सायकल बघितली, ती घेतली. सगळं नीट चाललंय. कुणी हाक मारत नाही.

पण कधी कधी मुरबाडला जाताना, अगदी सपाट रस्त्यावर, भर दुपारी... सायकल अचानक जड होते.

चाकात हवा असते. ब्रेक घासत नसतो. वारा समोरून नसतो.

पहिल्यांदा झालं तेव्हा मी उतरून सगळं तपासलं. आता उतरत नाही. मागं पण बघत नाही.

"बस," मी म्हणते. "बसायचं तर बस. पण मी नेईन तिथं यायचं."

आणि गिअर टाकून जोर लावते.